7.8 ते 11.4 : माझी दोन बाळंतपणं

पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन फक्त 7.8 निघालं, तेव्हा मी रोज बीटचा रस पीत होते. सासूबाई सकाळी साडेसहाला बीट किसायच्या, पंचाच्या फडक्यात घालून पिळायच्या आणि पेला माझ्या हातात द्यायच्या. त्यांची नखं दुपारपर्यंत लाल असायची. त्यामुळे रिपोर्ट आला तेव्हा आम्हा दोघींनाही वाटलं, लॅबमध्ये अदलाबदल झाली असणार.

अदलाबदल झाली नव्हती. बीट आणि डाळिंब लाल दिसतात, पण त्यांच्यात लोह फारसं नसतं. हे मला फार उशिरा कळलं. आणि ज्या गोळीत लोह होतं, ती मी सकाळी चहाच्या घोटाबरोबर घ्यायचे. कॅल्शियमची गोळीही तेव्हाच, म्हणजे एकदाचं उरकलं. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही आणि कॅल्शियमही त्याच्या आड येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात गोळीने शौचाला खडा व्हायचा, म्हणून मी आठवड्यातले दोन-तीन दिवस ती टाळायचे. घरी विचारलं की "घेतली" म्हणायचे.

बाळंतपणात रक्त जास्त गेलं आणि दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. मुलगी 2 किलो 200 ग्रॅमची. ती आता पाच वर्षांची आहे आणि घरभर पळते. पण तो पहिला महिना मी विसरलेले नाही. तिला पाळण्यातून उचललं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी आधी भिंतीला पाठ टेकवायची आणि मगच तिला घ्यायची.

म्हणून दुसऱ्या बाळाचा विषय निघाला तेव्हा मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, आधी माझं रक्त, मग बाळ.

या वेळी आम्ही दिवस राहायच्या चार महिने आधी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि साखर तपासली, शिवाय थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, चाचणी करायला लावली. हिमोग्लोबिन 9.6 आणि फेरिटिन 8. फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची शिल्लक. माझी शिल्लक संपलेली होती आणि तशाच अंगाने मी इतकी वर्षं ऑफिस, घर, लोकल सगळं करत होते. थकवा हा स्वभावच आहे असं मी धरून चालले होते.

जंताची गोळी आणि लोहाची गोळी तेव्हाच सुरू झाली. फॉलिक ॲसिडही तेव्हापासूनच, रोज 400 मायक्रोग्रॅम. गर्भाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पहिल्या 28 दिवसांच्या आसपास बंद होते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. पाळी चुकल्यावर गोळी सुरू केली तर तो काळ बहुतेक निघून गेलेला असतो. पहिल्या खेपेला मी ती तिसऱ्या महिन्यात सुरू केली होती. सगळं नीट पार पडलं, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

डॉक्टरबाईंनी एका कागदावर दिवसाच्या वेळा लिहून दिल्या. आमच्या फ्रिजवर तो कागद दीड वर्ष होता. चहा जेवणाच्या आधी तासभर नाही आणि नंतरही तासभर नाही. कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणासोबत. लोह रात्री झोपताना, लिंबूपाण्याबरोबर. बस, एवढंच. पण आमच्या घरात जेवण झाल्याझाल्या चहाचं आधण ठेवायची पद्धत होती. ती मोडायला मला गोळ्यांपेक्षा जास्त त्रास झाला. शेवटी दुपारचा चहा चार वाजता गेला.

खाणं आमचंच ठेवलं, बार्शीकडचं. ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची. मेथी, शेपू, राजगिऱ्याची भाजी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. डब्यात लिंबाची फोड वेगळी, कागदात गुंडाळून. भाजीतल्या लोहाला 'क' जीवनसत्त्वाची जोड मिळाली की ते जास्त शोषलं जातं. मटकीला मोड आणले तरी फरक पडतो. आईने माळ्यावरची आजीची लोखंडी कढई काढून दिली. गंज चिंचेच्या कोळाने घासला, तेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात टोमॅटो घालून पातळभाजी केली. भाजी काळपट झाली. मुलीने नाक मुरडलं, पण खाल्ली. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की लोह थोडं उतरतं, म्हणून तो काळपटपणा मला आवडायला लागला. मात्र भाजी कढईतच ठेवून दिली तर चव कडवट होते, शिजल्याबरोबर काढावी लागते.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 12.1. मग दिवस राहिले.

पहिले तीन महिने मळमळीत गेले. ज्वारीच्या लाह्या आणि आमसुलाचं सार, दुसरं काही उतरत नव्हतं. या काळात आई रक्त वाढावं म्हणून कलेजी घेऊन आली होती. डॉक्टरबाईंनी ती थांबवली. कलेजीत 'अ' जीवनसत्त्व फार असतं आणि गरोदरपणात ते जास्त झालं तर बाळाला अपाय होऊ शकतो. आईला वाईट वाटलं. दोन तास बसने प्रवास करून तिने डबा आणला होता. मी तिला जवळ बसवून समजावलं, आणि पुढच्या वेळी तिने अंडी आणि तीळ-खोबऱ्याची चटणी आणली.

पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन परत उतरून 10.4 आलं. माझ्या पोटात गोळाच आला. एकही गोळी चुकवलेली नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं, पण त्यातलं पाणी आधी वाढतं आणि तांबड्या पेशी मागून वाढतात, म्हणून आकडा खाली दिसतो. पूर्ण गरोदरपणाला साधारण 1000 मिलीग्रॅम लोह लागतं. बाळ, वार, आईचं वाढलेलं रक्त, सगळं धरून. हे ऐकल्यावर मला समजलं की नुसत्या भाकरी-भाजीवर हा हिशेब का जमत नाही. सरकारी लाल गोळीत 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायची असते. आमच्या आशाताई ती घरी आणून द्यायच्या आणि रिकामी पाकिटं मागायच्या. मी पाकिटं जपून ठेवायची.

बद्धकोष्ठावर रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, सुकं अंजीर आणि भरपूर पाणी, एवढ्यावर निभावलं. गोळीने शौच काळं होतं, तेही आधीच सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. मैत्रिणीने कुठल्याशा भस्माची पुडी पाठवली होती, "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणून. त्यावर ना घटक लिहिलेले, ना बनवणाऱ्याचं नाव. काही भस्मांत शिसं सापडलेलं आहे. मी ती उघडली नाही. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे, पण गरोदर बाईच्या पोटात जाणाऱ्या वस्तूचं नावगाव माहीत असलंच पाहिजे.

नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन 11.4. मुलगा 2 किलो 900 ग्रॅमचा. डॉक्टरबाईंनी नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबल्या. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या काही महिन्यांचं लोह त्याला मिळतं. तो अर्ध्या तासात अंगावर प्यायला लागला. चीक पिवळाधमक होता. पहिल्या वेळी, "हे दूध जड असतं," म्हणून आम्ही तो पिळून टाकला होता. त्याची मला आजही खंत आहे.

सव्वा महिना माहेरी होते. अळीव, डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशोप, सगळं झालं. अळिवाची खीर गरोदरपणात आईने मुद्दाम दिली नव्हती आणि बाळंतपणानंतर मात्र रोज दिली, दुधात भिजवून, लिंबू पिळलेल्या उपम्याच्या आधी. डिंक तळताना फुलून पांढरा होतो, तो ताटात पसरून वाटीच्या बुडाने चुरायचं काम मुलीकडे होतं. लाडू रोज एक, मोठे तीन नाहीत.

पाण्यावरून मात्र वाद झाला. "पाणी प्यायलीस की पोट सुटेल," असं आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, पालेभाजीने बाळाला पोटदुखी होईल म्हणायच्या. पहिल्या खेपेला मी पंधरा दिवस तूपभात खाऊन काढले होते. या वेळी दूध पाजायला बसले की शेजारी तांब्या असायचा. मेथी, शेपू तिसऱ्या दिवसापासून खाल्ली, बाळाला काही झालं नाही. खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू दिली नाही, शेकायला गरम पाण्याची पिशवी वापरली. घुटीचा मध आईने सहाणेपाशी आणून ठेवला होता. एक वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नये, त्यात असू शकणारे जंतू इतक्या लहान आतड्यात विष तयार करू शकतात. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीच दिलं नाही, वरचं पाणीसुद्धा नाही. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने सहाण धुऊन फळीवर ठेवली.

सहाव्या महिन्यात माझी परत तपासणी होती. सासूबाई बाळाला घेऊन सोबत आल्या होत्या. रक्त देताना मी सहज म्हटलं, "आई, तुमचंही करून घेऊ?" त्या नको म्हणाल्या, मग बाळ माझ्याकडे देऊन हात पुढे केला. सगळ्यांचं वाढून झाल्यावर शेवटी जेवणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन 8.9 निघालं. डॉक्टरबाईंनी कारण शोधायला आणखी तपासण्या सांगितल्या आणि गोळ्या सुरू केल्या. आता रात्री साडेनऊला दोन पेले लिंबूपाणी होतं. आणि घरातला चहा अजूनही चारलाच होतो.