खजिनदाराचा हिशोब

रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि बाबा कपाळावर आडवा हात धरून उन्हाकडे बघत होते.

"दिवेलागण कधी होते गं इथे?"

"जूनमध्ये होत नाही, बाबा. सूर्य मध्यरात्रीनंतर जरा डोंगराआड जातो आणि चारच्या आत परत हजर."

"मग माणसं जेवतात कधी?"

आम्ही कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन प्रांतातल्या डॉसन सिटीत, एका जुगारखान्याच्या मागच्या बाजूला उभे होतो. जुगारखान्याचं नाव डायमंड टूथ गर्टीज. आत बायका स्कर्ट उडवत नाचत होत्या, पियानो वाजत होता, सगळे टूरिस्ट तिथेच होते. मागच्या बाजूला बघण्यासारखं काहीही नाही. डास मात्र आहेत, आणि ते आपल्याकडच्या डासांसारखे गुणगुणत सूचना देत नाहीत, थेट बसतात.

इथे का आलो ते सांगते. माझा मुलगा व्हँकुव्हरजवळ सरेमध्ये आइस हॉकी खेळतो. मार्चमध्ये त्यांची टीम ११-० अशी हरली आणि पोरं ड्रेसिंग रूममध्ये रडत बसली. तेव्हा कोचनं त्यांना डॉसनची गोष्ट सांगितली: सोन्याच्या खाणींच्या एका गावाची टीम महिनाभर प्रवास करून स्टॅनली कप, म्हणजे हॉकीतला सगळ्यात मानाचा कप, खेळायला गेली आणि २३-२ अशी हरली. माझं पोरगं घरी येऊन म्हणालं, "आई, ट्वेंटीथ्री!" त्याला एवढं बरं वाटलेलं मी महिनाभरात पाहिलं नव्हतं. त्या रात्री मी वाचायला बसले ती दोनपर्यंत. जूनमध्ये कराडहून बाबा आले, आठवडाभरात फ्लॅटमध्ये कंटाळले, नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

विमानानं व्हाइटहॉर्स, युकॉनची राजधानी. तिथे पहिली सकाळ युकॉन अर्काइव्हजमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात. मी काही संशोधक नाही. बॅग लॉकरमध्ये, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल, असं सांगितल्यावर मला उगाच महत्त्वाचं वाटायला लागलं. 'डॉसन डेली न्यूज'च्या मायक्रोफिल्म मागवल्या. १८९९ ते १९५४ चाललेलं हे पेपर. माझे डोळे अर्ध्या तासात दुखायला लागले. बाबा मात्र चाळीस वर्षं बँकेत लेजर पाहिलेला माणूस. ते मशीनचं चाक फिरवत शांत बसले. हिवाळ्यातली पानं: टपाल कधी येणार, कोण आजारी, आणि शेजारी हॉकी. सरकारी नोकरांचा संघ विरुद्ध पोलिसांचा संघ.

"सातच नावं आहेत," बाबा म्हणाले.

"तेव्हा हॉकी सात जणांची होती. रोव्हर नावाचा एक जास्तीचा असायचा."

"म्हणजे कबड्डीच की." आणि पुन्हा चाक फिरवायला लागले.

दुसऱ्या दिवशी गाडीनं डॉसन, सव्वापाचशे किलोमीटर. रस्त्याखालची गोठलेली जमीन फुगते, खचते, त्यामुळे मध्येच गाडी होडीसारखी डुलते. बाबांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती, त्यामुळे वाटेतल्या अवाढव्य सिनॅमन बनकडे त्यांनी "हे एकटा माणूस खातो?" एवढंच बोलून पाठ फिरवली. फाइव्ह फिंगर रॅपिड्सला थांबलो, फोटो काढले. बाकी सहा तास मी त्यांना गोष्ट सांगितली, कारण ती मंडळी याच पट्ट्यातून उलट्या दिशेनं आली होती.

१९०४ च्या डिसेंबरच्या १८ आणि १९ तारखेला ही मंडळी डॉसनहून निघाली. कोणी कुत्र्यांच्या गाड्यांबरोबर चालत, कोणी चक्क सायकलवर. व्हाइटहॉर्सपर्यंत ३३० मैल, बर्फातून. तिथून रेल्वे, ती बर्फामुळे रखडली. स्कॅगवे बंदराला पोचेस्तोवर बोट सुटलेली, अवघ्या काही तासांनी. पुढच्या बोटीची वाट, सिॲटल, मग व्हँकुव्हर, मग रेल्वेनं अख्खा देश ओलांडून ऑटावा. खटपट सगळी जो बॉइल नावाच्या माणसाची, जो पुढे ड्रेजरांचा, म्हणजे ओढ्यातली वाळू उपसून सोनं काढणाऱ्या यंत्रांचा, मोठा मालक झाला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ही माणसं पोचली आणि १३ तारखेला सामना. जरा पुढे ढकला म्हणाले तर ऑटावावाल्यांनी नकार दिला.

"दोन दिवस थांबायला काय झालं होतं त्यांना?" बाबा खरंच चिडले. "बाहेरगावच्या टीमला आपण आधी जेवायला घालतो."

पहिला सामना ९-२. त्यात फ्रँक मगी या ऑटावाच्या हुकमी खेळाडूनं एकच गोल केला होता, आणि म्हणे डॉसनपैकी कोणीतरी 'हा काही विशेष वाटत नाही' असं बोलून गेलं. सोळा तारखेला मगीनं एकट्यानं चौदा गोल मारले. त्याला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. डॉसनचा गोलकीपर आल्बर्ट फॉरेस्ट, मिसरूड फुटायच्या वयाचा पोरगा. तेवीस गोल खाऊनही ऑटावाच्या पेपरांनी त्याचं कौतुक केलं. तो नसता तर आकडा किती झाला असता कोण जाणे! १९९७ साली डॉसनकरांनी हौसेनं तोच प्रवास पुन्हा केला, ऑटावाच्या जुन्या खेळाडूंशी खेळले, आणि पुन्हा हरून आले. हे ऐकून बाबा मोठ्यांदा हसले. गाव त्यांना न पाहताच आवडलं.

गाव छान आहे. मातीचे रस्ते, लाकडी फुटपाथ, खचत्या जमिनीमुळे एकमेकांवर रेललेली दोन घरं. हॉटेलबद्दल न बोललेलं बरं. दोन रात्रींचे जे पैसे दिले त्यात कराडला दोन महिन्यांचं भाडं सुटलं असतं, आणि खिडकीला पडदा असा की त्यातून पेपर वाचता यावा. शेवटी बाबांनी बरोबर आणलेली सोलापुरी चादर केसांच्या क्लिपांनी अडकवली. दुसऱ्या दिवशी ड्रेज नंबर ४ हे तसलंच जुनं यंत्र, सोन्याचा बोनान्झा क्रीक ओढा, वाळू धुऊन सोनं शोधायचा कार्यक्रम (मिळालं नाही), संग्रहालय. एका बारमध्ये पेल्यात माणसाच्या पायाचा वाळवलेला अंगठा टाकून दारू देतात. बाबा म्हणाले, "चल पुढे."

आणि मग रात्री ती मागची बाजू.

इथे आसपास डॉसन ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशनची इमारत होती, १९०२ ची. सोन्याची लाट ओसरली, माणसं अलास्कातल्या नोमकडे पळाली, तरी उरलेल्यांनी जिमखाना उभारला: पोहण्याचा तलाव, हॉकीचा बर्फ, व्यायामशाळा. पुढे तिथेच सिनेमे. डॉसन हे सिनेमा-वाटपाच्या साखळीतलं शेवटचं गाव. रीळ इथे पोचायला दोन-तीन वर्षं लागायची, आणि खेळ संपल्यावर परत पाठवायच्या भाड्याला कंपन्या तयार नसत. बँकेमार्फत सगळा व्यवहार, म्हणून रिळं बँकेच्या गळ्यात. ती रचली वाचनालयाच्या तळघरात. फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी.

१९२९ साली बँकेतला एक माणूस, क्लिफर्ड थॉमसन, हॉकी असोसिएशनचा खजिनदारही होता. त्याच्याकडे दोन कटकटी. बँकेकडे नको असलेली रिळं. आणि हॉकीचा बर्फ ज्यावर जमवायचे तो जुना तलाव, ज्यामुळे बर्फ कधीच सपाट बसत नसे. त्यानं रिळं तलावात रचली, वर फळ्या टाकल्या, माती पसरली.

मी इथवर आले आणि बाबांनी टाळी वाजवली. "वा! एका खर्चात दोन कामं. खरा खजिनदार."

मला वाटलं होतं ते हळहळतील. निदान मी तरी हळहळले होते वाचताना.

"पण बाबा, सिनेमे पुरले त्यानं."

"सिनेमे कुठे, कटकट पुरली. तू रजिस्टर सांभाळलीस का कधी कुठल्या मंडळाची?"

मी पुढचं सांगितलं. वर पोरं स्केटिंग करायची, बर्फातून फिल्मची टोकं डोकवायची, ती पेटवून पोरं गंमत बघायची. १९५१ मध्ये इमारत जळाली. १९७८ मध्ये नवीन क्रीडाकेंद्रासाठी खोदताना जेसीबीसारख्या यंत्राच्या दातात रिळं आली. ५३३ रिळं, गोठलेल्या मातीनं पन्नास वर्षं जपलेली. विमान कंपन्या तो स्फोटक माल न्यायला तयार होईनात, म्हणून लष्करी विमानानं ऑटावाला गेली. बऱ्याच चित्रांच्या कडेला पाण्याचे पांढरे ओघळ आहेत. त्यांतल्या एका बातमीपटात १९१९ ची बेसबॉल वर्ल्ड सिरीज सापडली, ज्यात शिकागोच्या आठ खेळाडूंवर मॅच फिक्सिंगबद्दल जन्मभराची बंदी आली तीच. म्हणजे खेळासाठी सिनेमा पुरला आणि त्या सिनेमातून खेळ वर आला.

बाबा काही बोलेनात. डास हाकलायचंही थांबले. मग म्हणाले, "आमची ट्रंक होती."

"कुठली ट्रंक?"

"मंडळाची. अठ्ठावन्न सालापासूनची रजिस्टरं, गुणपत्रकं, काचेच्या फ्रेममधले टीमचे फोटो. मी खजिनदार होतो ना. एकोणनव्वदला खोलीच्या मालकानं जागा रिकामी करायला सांगितलं. घरी आणली असती तर तुझी आई ओरडली असती. रद्दीवाल्याला दिली." जरा थांबून, "सेहेचाळीस रुपये आले. मंडळाच्या हिशोबात दाखवले मी. एक पैसा खिशात घातला नाही."

"फोटोसुद्धा?"

"काचा काढून घेतल्या त्यानं. फोटो त्याला नको होते."

म्हातारी माणसं बरोबर घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्यांना मी इथे औषधं, पडदे, डासांचं मलम अशी यादी देणार होते. खरं सांगायचं तर माझा बाप कबड्डी कुठल्या बाजूला खेळायचा हे मी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही विचारलेलं नव्हतं. कोचनं सांगितलेल्या सात परक्या माणसांसाठी मात्र अर्काइव्हजमध्ये लॉकर घेतला.

"चौऱ्याहत्तरला जिल्ह्याच्या फायनलला होतो आम्ही," ते म्हणाले. "हरलो. पण काय खेळलो." संग्रहालयाच्या तिकिटाच्या पाठीवर त्यांनी माझ्या अर्काइव्हजच्या पेन्सिलीनं नावं लिहायला घेतली. सहा झाली. सातवं येईना. उजव्या कोपऱ्याला कोण होतं?

कराडला सकाळचे अकरा. मी फोन लावून दिला. पलीकडे वसंतकाका. त्यांनी एका श्वासात नाव सांगितलं. बाबा म्हणाले, छे, तो नंतर आला, शहात्तरला. काका म्हणाले, तू काय सांगतोस, मी त्याच्या शेजारी उभा होतो. जुगारखान्यातून टाळ्यांचा आवाज आला, आणि पृथ्वीच्या दोन टोकांना उन्हात उभे राहून दोन म्हातारे पन्नास वर्षांपूर्वीच्या उजव्या कोपऱ्यावरून भांडायला लागले. फोन स्पीकरवर नव्हता, तरी काकांचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता.

"मग भांडतोस कशाला माझ्याशी?" काका ओरडले. "रजिस्टरात बघ की! तुझ्याकडेच होती ना ती ट्रंक?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"रेंज जातेय रे इथे," ते म्हणाले. "जंगल आहे सगळं."

रेंज पूर्ण होती.