फेस विरल्यानंतर ओढ्यात काय घडते

ओढ्यातल्या दगडावर हात फिरवला की एक बुळबुळीत थर हाताला लागतो. आपण तो घाण समजतो, पण पाण्यात मिसळलेल्या डिटर्जंटचे विघटन मोठ्या प्रमाणात याच थरात होते. जीवाणू, शेवाळ आणि त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ यांचा हा थर प्रवाहाबरोबर वाहून जात नाही, त्यामुळे वरून सरकणाऱ्या पाण्यातले रेणू पकडायला तिथल्या जीवाणूंना सवड मिळते.

धुण्याच्या पावडरींत सर्रास असणाऱ्या एलएएस (लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट) या फेस करणाऱ्या रसायनाचे उदाहरण घेऊ. त्याच्या रेणूत साधारण 10 ते 13 कार्बनची सरळ साखळी असते, तिला बेंझिनचे, म्हणजे सहा कार्बनचे, कडे जोडलेले असते आणि कड्यावर सल्फोनेट हा गंधक-ऑक्सिजनचा गट असतो. जीवाणू आधी साखळीच्या मोकळ्या टोकावर ऑक्सिजन चढवतात आणि मग, एरवी मेदाम्ले पचवताना करतात त्याच पद्धतीने, दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत आत सरकतात. साखळी आखूड झाली की रेणूचा फेस करण्याचा गुण जातो. मात्र कडे आणि सल्फोनेट अजून शाबूतच असतात. 2004 मध्ये वर्णन झालेला पार्विबॅक्युलम लॅव्हामेंटिव्होरान्स हा जीवाणू साखळीवर जगतो आणि उरलेला भाग पाण्यात सोडून देतो. तो पुढे कोमामोनास टेस्टोस्टेरोनीसारखे दुसरे जीवाणू संपवतात. एकाच जातीकडून हे काम सहसा तडीस जात नाही, म्हणून ओढ्यातली जीवाणूंची विविधता मला फार मोलाची वाटते.

आधीच्या पिढीतल्या डिटर्जंटची साखळी फांद्या फुटलेली होती. फांदीपाशी दोन-दोन कार्बन तोडण्याची क्रिया अडते, त्यामुळे 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचू लागले. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये याविरुद्ध कायदा केला, 1965 च्या सुमारास अमेरिकी उत्पादकही सरळ साखळीकडे वळले आणि फेस ओसरला. रेणूची रचना जीवाणूंच्या आवाक्यात आणून प्रदूषण कमी करता येते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

तरीही वेष्टनावरचा ‘जैवविघटनशील’ हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण तो परिस्थितीबद्दल काहीच सांगत नाही. साखळीवरचा पहिलाच घाव ऑक्सिजनवाचून घालता येत नाही. त्यामुळे तळाच्या काळ्या, ऑक्सिजनहीन गाळात रुतलेले एलएएस दीर्घकाळ तसेच राहते. गारठ्यात वेग मंदावतो. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट या डिटर्जंटमधल्या दुसऱ्या रसायनगटाच्या बाबतीत तर अर्धवट विघटनातून उरणारे नोनिलफिनॉल माशांमध्ये स्त्री-संप्रेरकासारखे परिणाम घडवते. आणि फॉस्फेट असलेली पावडर असेल, तर त्या फॉस्फेटमध्ये तोडण्याजोगा कार्बनच नसतो. त्यावर शेवाळ माजते, मेल्यावर कुजते आणि कुजताना नेमका तोच ऑक्सिजन खर्च करते, ज्याच्या आधारावर दगडावरचे जीवाणू डिटर्जंट तोडत असतात.