पाच वर्षं कुलूप

लेकीचा इतिहासाचा प्रोजेक्ट होता म्हणून फार्मव्हिलला गेलो. आमच्या रिचमंडपासून सव्वा तास. डब्यात थालीपीठं, म्हणजे सहलीचाच बेत. डबा तसाच परत आला.

लिटल रॉकची नऊ मुलं, गोऱ्यांच्या शाळेत सैनिकांच्या पहाऱ्यात गेलेली काळी मुलं, तुम्हालाही ठाऊक असतील. फार्मव्हिल मला बारा वर्षं व्हर्जिनियात राहून माहीत नव्हतं. तिथलं मोटन हायस्कूल काळ्या मुलांचं, बांधलेलं 180 जणांसाठी, आणि मुलं साडेचारशेच्या वर. जादा वर्गांसाठी आवारात लाकडी खोपट्या ठोकल्या, त्यांवर डांबरी कागद. पाऊस आला की मुलं वर्गात छत्र्या उघडून बसायची. शेगडीजवळचा भाजायचा, लांबचा कोटात कुडकुडायचा.

23 एप्रिल 1951 ला मुख्याध्यापकांना फोन आला: तुमची मुलं बसस्टँडवर लफड्यात सापडलीत. ते धावले. फोन खोटा होता. तेवढ्यात बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने सगळी शाळा हॉलमध्ये जमवून संप पुकारला. माझी लेकही सोळाचीच. तिला उठवायला मला तीन हाका माराव्या लागतात. त्या संपातून उभा राहिलेला खटला पुढे सुप्रीम कोर्टातल्या ब्राऊन खटल्यात गेला आणि 1954 ला निकाल लागला: काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा.

इथवर ठीक. पुढचं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. 1959 मध्ये कोर्टाने एकत्र बसवा म्हटल्यावर प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या, म्हणजे फार्मव्हिलच्याच जिल्ह्याच्या, पुढाऱ्यांनी शाळांना पैसेच मंजूर केले नाहीत. सगळ्या सरकारी शाळांना टाळं! गोऱ्या मुलांसाठी खासगी अकॅडमी लगेच निघाली. काळी मुलं, सतराशेच्या आसपास, घरी. कुणी परगावी नातेवाइकांकडे गेली, कुणी चर्चच्या तळघरात जमेल तेवढं शिकली, बरीच तशीच राहिली. 1964 मध्ये सुप्रीम कोर्टाने कान उपटल्यावर शाळा उघडल्या. पाच वर्षं! भांडणात विहीर बुजवणारे भाऊबंद आमच्या गावात आहेत, पण हे भलतंच.

तिथे एक आजी भेटल्या. टाळं लागलं तेव्हा त्यांची दुसरी झाली होती. म्हणाल्या, रोज सकाळी आई वेणी घालायची, शाळा नसली तरी.

"आपल्याकडे असं नव्हतं ना?" लेकीने गाडीत विचारलं. मी फटकन "नाही" म्हटलं. मी साताऱ्याची. त्याच साताऱ्यात लहानग्या भीमरावांना वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं, हे मला चौथीपासून पाठ. मैलभराने तेही सांगितलं. वर हेही जोडलं, की आपण निदान शाळा बंद नव्हत्या केल्या. ती खिडकीबाहेर बघत होती.

मग म्हणाली, "आपण घर घेताना तू शाळांचं रेटिंग बघत होतीस."

बघत होते. दहापैकी नऊ. शहरातलं घर मोठं होतं, स्वस्त होतं, पण शाळेला तीन. तिथल्या वर्गांत कोण बसतं हे मी बघितलं नव्हतं. आकडा बघितला होता. नवरा म्हणाला, "आपण 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इथे आलेली माणसं, आपला काय संबंध?" तो कायदा काळ्यांच्या हक्कांच्या त्याच चळवळीच्या लाटेत झाला, हे मी त्याला सांगितलं नाही. रात्र झाली होती आणि थालीपीठं गरम करायची होती.

घर बदलायचा विचार नाही. पुढच्या वर्षी तिची अकरावी आहे.