पासवर्ड बरोबर आहे

भर दुपारी, डोळ्यांवर झापड असताना, लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आपला एक खास विनोद करते. पासवर्ड टाकावा, एंटर दाबावं, पडदा क्षणभर काळा व्हावा, आता डेस्कटॉप येणार म्हणून खुर्चीत सावरून बसावं, आणि समोर पुन्हा तोच पासवर्डचा चौकोन. चुकीबद्दल एक शब्द नाही, लाल अक्षरं नाहीत. पासवर्ड चुकला असता तर तसं सांगितलं असतं. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे. ओळख पटली, आत घेतलं आणि लगेच बाहेर काढलं.

बहुतेक माणसं इथे पासवर्ड पुन्हा टाकतात. या वेळी कळा जरा जोरात दाबून.

कारण मात्र पासवर्डापासून फार लांब बसलेलं असतं. डिस्क भरलेली असते. डेस्कटॉपला सुरू होताना होम फोल्डरात चारदोन बारीक फायली लिहायच्या असतात; त्या लिहिता आल्या नाहीत की तो मुकाट्याने बंद पडतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं की नुसत्या अक्षरांचं लॉगिन मिळतं आणि तिथे तोच पासवर्ड बिनतक्रार चालतो. मग ‘डीएफ -एच’ म्हणावं, कुठे किती जागा उरली ते दिसतं. ‘/’ (सगळ्या फायलींचं मूळ) किंवा ‘/होम’च्या ओळीत १०० टक्के दिसले की अर्धं काम झालं. जागा कोणी खाल्ली हे ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /’ सांगतं (‘सुडो’ म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने); त्यातला ‘एक्स’ विसरू नये, नाहीतर जोडलेल्या इतर डिस्काही मोजत बसतं. गुन्हेगार ठरलेले असतात: ‘.कॅश’ फोल्डर, कधीतरी उतरवून विसरलेल्या कंटेनरच्या (डब्यात बंद करून चालवायच्या प्रोग्रामांच्या) प्रतिमा, आणि कचरापेटी. कचरापेटीची गंमत अशी की जागा करायला म्हणून माणूस मोठमोठ्या फायली पुसतो आणि त्या ‘.लोकल/शेअर/ट्रॅश’मध्ये जाऊन बसतात, त्याच डिस्कवर, तेवढीच जागा अडवून.

डिस्क भरूनही रूट वापरकर्त्याचं काम अडत नाही, कारण ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) बनवतानाच ५ टक्के जागा त्याच्यासाठी राखून ठेवते. एक टेराबाइटच्या डिस्कवर हे झाले सुमारे ५० गीगाबाइट. नुसते चित्रपट आणि फोटो ठेवायच्या वेगळ्या विभाजनावर, म्हणजे डिस्कच्या भागावर, ही उधळपट्टी आहे. तिथे ‘ट्यून२एफएस -एम १’ने राखीव हिस्सा १ टक्क्यावर आणावा. ‘/’ ज्या विभाजनावर आहे तिथे मात्र ते ५ टक्के तसेच राहू द्यावेत. संकटात तेच उपयोगी पडतात.

याच्या पुढची पायरी जास्त वात्रट. ‘डीएफ -एच’ म्हणतं जागा आहे, आणि फाइल लिहायला जावं तर उत्तर येतं, जागा शिल्लक नाही. दोघंही खरं बोलतात. ‘डीएफ -आय’ करून पाहावं: आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीची नोंद ठेवायचे रकाने, संपलेले असतात. ईएक्सटी४मध्ये आयनोडांची संख्या फाइलव्यवस्था बनवतानाच ठरते, साधारणपणे दर १६ किलोबाइटांमागे एक; एखाद्या प्रोग्रामने लाखो चिमुकल्या फायली ओतल्या की गीगाबाइट रिकामे असूनही नवी फाइल जन्माला येत नाही. आणि तिसरा प्रकार: भली मोठी लॉग (नोंदींची) फाइल पुसली तरी जागा सुटत नाही, कारण कुठलासा प्रोग्राम अजून ती उघडून बसलेला असतो. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ त्याचं नाव सांगतं. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला की जागा मोकळी.

डिस्क रिकामी असूनही पासवर्डचा तोच चौकोन परत येत असेल आणि डेस्कटॉप एक्स११ या खिडक्या रंगवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर चालत असेल, तर ‘एलएस -एल .एक्सऑथॉरिटी’ बघावं. कुठलासा खिडकीवाला प्रोग्राम ‘सुडो’ लावून चालवल्यामुळे त्या फाइलीची मालकी रूटकडे गेलेली असते. ‘सुडो चाऊन’ने ती स्वतःच्या नावावर करून घेतली की संपलं.

माझा एक हट्ट आहे. काहींना तो विक्षिप्तपणा वाटतो. का बंद पडलं हे कळल्याशिवाय चालू झालेलं मला चालत नाही. ‘रिस्टार्ट केलं, झालं नीट’ हे वाक्य ऐकलं की अस्वस्थ वाटतं. नीट झालं नाही, लपलं. निदान मागच्या वेळचा कागद तरी वाचा. ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ म्हणजे मागच्या सत्राच्या नोंदी, थेट शेवटच्या पानावर उघडलेल्या. त्यातही फक्त चुका हव्या असतील तर ‘-पी ३’ जोडावं. एक अट आहे: ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर असायला हवं. ते नसेल तर साध्या मांडणीत नोंदी ‘/रन’मध्ये, म्हणजे मेमरीत राहतात आणि रिस्टार्टबरोबर पुसल्या जातात. फोल्डर बनवून ‘सुडो जर्नलसीटीएल --फ्लश’ केलं की पुढच्या वेळेपासून नोंदी टिकतात. त्या डिस्क गिळतील ही भीती नको. त्यांची मर्यादा फाइलव्यवस्थेच्या १० टक्के आणि फार तर ४ गीगाबाइट. तेवढंही नको असेल तर ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’ म्हणून जुन्या नोंदी छाटाव्यात.

आता या नोंदी वाचायच्या कशा, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. ठणठणीत मशीनवरही पाचपन्नास लाल ओळी असतात. एसीपीआय या वीज सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या कुरबुरी, ब्लूटूथची रडारड, कुठल्याशा सेन्सरची नाराजी. नवखा माणूस त्यातली पहिली ओळ उचलतो, तिच्यावरचे उपाय शोधतो आणि न मोडलेल्या वस्तूची दुरुस्ती करत रात्र घालवतो. यावर एक साधा इलाज आहे आणि तो सगळं सुरळीत असतानाच करावा लागतो: ‘जर्नलसीटीएल -बी -पी ३’चं उत्तर एका फाइलीत साठवून ठेवायचं. मग बिघडलेल्या दिवसाच्या ओळी तिच्याशी ताडायच्या. जी ओळ चांगल्या दिवशी नव्हती, तिच्याकडे बघायचं. बाकीच्या कुरकुरतच असतात.

‘हे टर्मिनलमध्ये चिकटवा’ छापाच्या उपायांवर तर माझा खास राग आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या अवतारांवर काही बसवायला जावं आणि ‘लॉक मिळालं नाही’ असा संदेश यावा. चिकटू उपाय सांगतो, लॉकची फाइल पुसून टाका. आतून कडी लागलेली दिसली म्हणून न्हाणीघराचं दार उखडण्यातला हा प्रकार. आत माणूस आहे! बहुधा पार्श्वभूमीला चाललेलं सुरक्षेचं आपोआप अपडेट. संदेशात त्या प्रोसेसचा क्रमांकही लिहिलेला असतो. फाइल पुसली की दुसरा प्रोग्राम आत शिरतो, आणि दोघं मिळून ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’मधल्या, बसवलेल्या प्रोग्रामांच्या एकाच वहीत लिहू लागतात. दहा मिनिटं थांबावं. मध्येच वीज गेल्यामुळे काम खरोखरच अर्धवट राहिलं असेल तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, आणि त्यानंतर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. क्रम हाच.

परवानगी नाही म्हटलं की ‘चमॉड -आर ७७७’ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) सांगणारे त्याच जातीचे. ही कमांड ‘/’वर चालली तर ‘सुडो’च्या फाइलीवरचा सेटयूआयडी बिट, म्हणजे तिला रूटच्या हक्काने चालू देणारी खूण, उडतो आणि पुढच्या क्षणापासून ‘सुडो’ काम करायचं नाकारतं. म्हणजे चूक दुरुस्त करायचं हत्यारच त्या चुकीने मोडलेलं. यावर शहाणपणाचा उपाय एकच, फायली काढून घेऊन नव्याने मांडणी.

तक्रार एका घरात आणि आरोपी दुसऱ्या, याचा नमुना बघायचा तर घड्याळ बघावं. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्यांना ‘इंटरनेट बिघडलं’ असं वाटतं: कुठलंच पान उघडत नाही, ब्राउझर प्रमाणपत्रांबद्दल काहीतरी पुटपुटतो. पण घड्याळ काही तास पुढे किंवा मागे गेलेलं असतं, आणि फरक नेमका आपल्या टाइमझोनइतका. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. जो आत येतो तो दुसऱ्याचं घड्याळ चुकीचं वाचतो. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ म्हटलं की लिनक्स माघार घेतं, पण पुढे नुसतं ‘टाइमडेटसीटीएल’ म्हटलं की एक लांबलचक इशारा छापतं, अगदी नाराजीने. तत्त्वाने लिनक्सचं बरोबर आहे. यूटीसी ठेवणंच शहाणपणाचं, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या वहीत) ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद १ करून त्यालाही ते शिकवता येतं. याच शेजाराची दुसरी खोड म्हणजे फास्ट स्टार्टअप. विंडोज बंद केलं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते अर्धवट झोपलेलं असतं, म्हणून लिनक्स त्याच्या विभाजनावर लिहू देत नाही. फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते विभाजन जबरदस्तीने माउंट करू, म्हणजे जोडू नये.

इंटरनेट खरंच गेलं असेल तर आधी ‘पिंग १.१.१.१’. उत्तर आलं म्हणजे वाट उघडी आहे, संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्यात खोट आहे. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ बघावं. ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ हाताने बदलून उपयोग नाही, कारण बहुतेक ठिकाणी ती नुसती दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक असते आणि थोड्याच वेळात पुन्हा लिहिली जाते. वाय-फाय दिसतच नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’: सॉफ्ट ब्लॉक असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’, हार्ड ब्लॉक असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा बायोस, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंग. वाय-फाय दर थोड्या वेळाने धापा टाकत असेल तर वीजबचत. नेटवर्कमॅनेजरच्या ‘कॉन्फ.डी’ या सेटिंगांच्या फोल्डरात ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ ३ असेल तर ते २ करावं. २ म्हणजे बंद. हे आकडे कोणी ठरवले कोण जाणे.

आवाजाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. दहांतल्या सात वेळा आवाज चालूच असतो, फक्त स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे एचडीएमआयमधून जात असतो. ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’मध्ये चांदणी कोणासमोर आहे ते बघावं. उरलेल्या वेळी ‘अल्सामिक्सर’मध्ये एखाद्या खांबाखाली ‘एमएम’ लिहिलेलं असतं, एम दाबावं. पाइपवायर, म्हणजे आवाज सांभाळणारी सेवा, पुन्हा सुरू करायची तर ‘सिस्टमसीटीएल --युजर रिस्टार्ट पाइपवायर वायरप्लंबर’, आणि पुढे ‘सुडो’ लावायचं नाही. ती सेवा तुमची आहे, रूटची नाही.

नव्या कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) पडदा काळाच राहिला तर सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, यादी काढावी आणि प्रगत पर्यायांतून आधीचा कर्नल निवडावा. त्यासाठीच एक जुना कर्नल ठेवायचा असतो. ‘/बूट’ हे कर्नलांचं फोल्डर भरलं म्हणून हाताने कर्नल पुसत सुटू नये. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ मागचा एखादा राखून बाकीचे काढतं. जुनाही चालत नसेल तर त्याच यादीवर ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहावं आणि एफ१०. चित्र ओबडधोबड येईल, पण येईल.

सगळंच गोठलं तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवून आर, ई, आय, एस, यू, बी, प्रत्येकामध्ये दोनतीन सेकंद सोडून. हे थेट कर्नलला दिलेले हुकूम, शेवटचा रिस्टार्टचा. हे पाठ असल्याचा काहींना फार अभिमान. उबुंटूवर मात्र कर्नलची ही सेटिंग १७६ असते, म्हणजे १६ अधिक ३२ अधिक १२८: डिस्कवर लिहून घेणं, माउंट फक्त वाचण्यापुरती करणं आणि रिस्टार्ट. पहिली तीन अक्षरं तिथे नुसती म्हणायची असतात. एस, यू, बी पुरे.

इथवरचं सगळं खेळीमेळीत घ्यावं. एका ओळीशी मात्र खेळू नये. ‘सुडो डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ‘आय/ओ एरर’ आणि त्याशेजारी डिस्कचं नाव दिसलं, किंवा चालू मशीनवर ‘/’ अचानक फक्त वाचण्यापुरतं झालं, तर दुरुस्ती थांबवावी. लिहिण्यासाठी पुन्हा माउंट करू नये, ‘एफएससीके’ ही फाइलव्यवस्था दुरुस्त करणारी कमांड चालवू नये; ते मरणाऱ्या डिस्कवर भरपूर लिहितं. ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ने डिस्कची प्रकृती बघावी. फक्त ‘यूडीएमए सीआरसी एरर काउंट’ वाढत असेल तर बहुधा डिस्क जोडणारी साटाची केबल सैल किंवा खराब आहे, आणि बदलली की सुटका. पण ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचता न आलेल्या तुकड्यांची संख्या, शून्याच्या वर असेल तर मशीन बंद करून यूएसबीवरच्या लाइव्ह लिनक्सने सुरू करावं आणि डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी. नवी डिस्क जुनीहून लहान नको, आणि तिच्यावरचं सगळं जाणार आहे हे धरून चालावं. पहिल्या फेरीत ‘-एन’, म्हणजे अवघड भाग सोडून जे सहज मिळतं ते आधी. दुसऱ्या फेरीत ‘-आर३’, मॅपफाइल (कुठवर प्रत झाली याची नोंद) तीच, आणि ती तिसऱ्याच जागी ठेवलेली, कारण लाइव्ह सत्रातलं फोल्डर मशीन बंद होताच जातं. कमांडमध्ये पहिलं नाव जुन्या डिस्कचं, दुसरं नव्या. दुसऱ्या जागी डिस्क असेल तर ‘-एफ’ दिल्याशिवाय डीडीरेस्क्यू लिहीतच नाही. ते अक्षर टाइप करण्याआधी ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइज,मॉडेल’ चालवून दोन्ही नावं मोठ्याने वाचावीत.