स्वीकारलं म्हणजे नेमकं काय?

"मुलाची स्वमग्नता (ऑटिझम) तुम्ही स्वीकारलीत कशी?" नुकतंच निदान झालेल्या मुलांचे आईवडील हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्वमग्नता मला फार जड गेली नाही. हाक मारली तर न वळणारा, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून घेणारा मुलगा निदानाआधीही हाच होता. जड गेलं ते "कुणामुळे?" यातून सुटणं.

घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. मोबाईल दिला. गरोदरपणात नोकरीची दगदग केली. मामेसासूबाईंच्या मते लस नडली. ज्या १९९८च्या निबंधावरून लसीची भीती पसरली, तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला, पण हे त्यांना सांगणार कोण? आईला धारेवर धरायची खोड परदेशातही होतीच. लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने १९४३मध्ये या मुलांचं वर्णन केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर मंडळीच म्हणत राहिली की आई मायेने कमी पडली. ते खोडून काढलं १९६४मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने. तो स्वतः अशाच मुलाचा बाप. स्वमग्नतेचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा, हे कळल्यावर आमच्याकडे दोन्ही घराण्यांतले तऱ्हेवाईक काका-मामा मोजून झाले. तेही हसत, हे विशेष.

यांचं घोडं अडलं अपंगत्वाच्या दाखल्यापाशी. "पोराच्या कपाळी शिक्का कशाला?" १९९५च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नता नव्हतीच, २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली. दाखला नाही तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नाही, परीक्षेतल्या सवलती नाहीत, निरामय योजनेचा वर्षाला १ लाखापर्यंतचा विमाही नाही. थेरपीचा महिन्याचा खर्च बघितल्यावर तत्त्वं जरा मवाळ होतात. सरकारी दवाखान्याच्या रांगेत हे दुसऱ्या एका बाबांशी जे बोलत बसले, ते नंबर पुकारला तरी उठेनात. निदानाबद्दल घराबाहेरच्या कुणाशी ते पहिल्यांदाच बोलत होते.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघंही अजून टाळतो. मूल १८चं झालं की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. पालकत्वासाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. आमच्यानंतर त्याचं कोण, हे तिथे आज ना उद्या बोलावं लागणार. ते स्वीकारलंय का विचाराल, तर नाही.