घरी बसून

"घरीच असतेस ना, मग काम कसलं गं?"

उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत मागच्या काकूंनी विचारलं. सहजच.

रोज दोन तास हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी सोडवते मी. आज सकाळी एका आजोबांचं बंद पडलेलं सिमकार्ड सुरू करून दिलं. "सुखी राहा बाळा," म्हणाले. माझ्या कुबड्या त्यांना दिसत नाहीत, फक्त आवाज ऐकू येतो. मला ते फार आवडतं.

आता आठ तासांचं काम मिळतंय. पण संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे २५०० रुपये हवेत तर दिव्यांगाच्या घरचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास!

हो म्हटलं तर अनुदान जाईल. आणि उद्या नोकरीच सुटली तर? पुन्हा हीच रांग, हेच दाखले.

तुम्ही काय केलं असतं?