स्लीपरच्या तिकिटात आपण नेमके काय विकत घेतो?

लांब पल्ल्याच्या गाडीतून घामेजून, अवघडून आणि चिडून उतरलेल्या माणसाला एवढे पैसे देऊन काय मिळाले, असा प्रश्न पडतो, तेव्हा त्याचे उत्तर बहुधा विमानाच्या, खासगी बसच्या किंवा वातानुकूलित डब्याच्या भाड्याकडे बोट दाखवून दिले जाते. थ्री एसीचे भाडे स्लीपरच्या अडीचपट किंवा त्याहूनही अधिक असते, तेव्हा स्लीपर स्वस्तच आहे, असे म्हणून विषय मिटवला जातो. मला ही तुलनाच चुकीची वाटते. स्लीपरच्या भाड्याची खरी तुलना त्याच गाडीच्या जनरल डब्याशी करायला हवी. जनरलचे तिकीट साधारण निम्म्या पैशांत मिळते. इंजिन तेच, रूळ तेच, थांबे तेच आणि पोहोचण्याची वेळही तीच. नागपूरच्या माणसाला पुण्याला नेण्याचे काम रेल्वे त्या निम्म्या पैशांत करतेच. उरलेले निम्मे पैसे आपण मोजतो ते आपल्या नावावरच्या बर्थसाठी, म्हणजे रात्री पाठ टेकण्याच्या हक्कासाठी. हा हक्क मिळाला की नाही, एवढ्यावरच स्लीपरचे भाडे परवडले की नाही हे ठरते.

हा हक्कही मुळात मर्यादित आहे. नियमानुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपण्याची वेळ. एरवी खालचा बर्थ हे सर्वांचे बसायचे आसन असते. जुन्या धाटणीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात आणि नव्या एलएचबी डब्यात ८०. त्यांच्यासाठी टोकाला चार शौचालये असतात आणि पाण्याची टाकी मोठ्या स्थानकावरच भरली जाते. उशी, चादर आणि पांघरूण ज्याने त्याने घरून आणायचे. यांपैकी कशाबद्दलच माझी तक्रार नाही, कारण तिकीट काढताना हे सगळे ठाऊक असते. मे महिन्यात वर्धा ते भुसावळ या टप्प्यात खिडकीतून येणारी हवा भाजून काढते, पंखा तीच हवा फिरवत राहतो, आणि तेही मी भाड्यात धरलेले असते. पण रात्री अकरा वाजता आपल्या बर्थवर तीन माणसे बसलेली असावीत, वाटेत बोचकी टाकून आणखी माणसे झोपलेली असावीत, शौचालयापर्यंत जाण्यासाठी त्यांना ओलांडावे लागावे आणि तिकीट तपासनीस त्या डब्यात फिरकूच नये, हे भाड्यात धरलेले नसते. विदर्भातून पुण्याला येताना अशी रात्र मी काढलेली आहे. त्या रात्री मी स्लीपरचे पैसे देऊन प्रत्यक्षात जनरलचाच प्रवास केला.

त्या बसलेल्या माणसांवर माझा राग नाही, हे स्पष्टपणे लिहायला हवे. त्यांतली बरीचशी मुले स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात राहणारी होती आणि जनरलच्या डब्यात पाय ठेवायलाही जागा नसल्याने इकडे आली होती. गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांतील स्लीपरचे आणि जनरलचे डबे कमी करून त्या जागी थ्री एसीचे डबे जोडले गेले. डबा बदलला तरी माणसे बदलत नाहीत. ज्याला अडीचपट भाडे झेपत नाही तो उरलेल्या डब्यांत शिरतो. हे २०२४ मध्ये रेल्वेलाही पटले असावे, कारण त्या वर्षी बिनवातानुकूलित दहा हजार डबे बांधण्याची घोषणा झाली. मे २०२५ पासून प्रतीक्षा यादीवरच्या प्रवाशाला आरक्षित डब्यात बसू न देण्याचा नियमही कडकपणे राबवण्याचे ठरले. नियम योग्यच आहे, परंतु गाडीत जागाच अपुरी असेल तर तो पाळून घेणारा तपासनीस तरी त्या माणसांना कुठे पाठवणार?

येथे मधू दंडवते यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. राजापूरहून लोकसभेवर निवडून गेलेले दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील बर्थ म्हणजे उघड्या लाकडी फळ्या असत. त्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय त्यांचा. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांनी मुंबई ते हावडा ही गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, जिच्यात वरचा वर्ग ठेवलेलाच नव्हता. पहिला वर्ग खाली आणण्यापेक्षा दुसरा वर्ग वर उचलावा, अशी त्यामागची भूमिका होती. आज स्लीपरने जाणारा प्रत्येक जण त्या दोन इंचांवर झोपतो, आणि तरीही साध्या प्रवाशाच्या रात्रीचा तेवढा बारकाईने विचार त्यानंतर फार थोड्यांनी केला, असे मला वाटते.

शंभर रुपयांच्या सेवेसाठी प्रवाशाकडून चोपन्नच रुपये घेतले जातात, असे सरकारकडून सांगितले जाते. तो आकडा मी नाकारत नाही. जुलै २०२५ मध्ये मेल-एक्सप्रेसच्या स्लीपरचे भाडे किलोमीटरमागे एक पैशाने वाढले आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर आणखी दोन पैशांनी. नऊशे किलोमीटरच्या प्रवासाला दोन्ही मिळून सत्तावीस रुपये. ही वाढ मला जड वाटली नाही. बर्थ खात्रीने मिळणार असेल तर मी याहून जास्तही देईन. मात्र सवलतीचे कारण पुढे करून न दिलेल्या गोष्टीचे पैसे ठेवून घेता येत नाहीत. आरएसीच्या, म्हणजे दुसऱ्या कोणी तिकीट रद्द केले तरच पूर्ण बर्थ देणाऱ्या तिकिटाचे उदाहरण पाहा. बाजूच्या खालच्या बर्थवर दोन अनोळखी माणसे समोरासमोर पाय दुमडून रात्र काढतात, दोघांकडूनही पूर्ण भाडे घेतलेले असते, आणि चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागल्यावर जागा पक्की झाली नाही तरी अर्ध्या बर्थचा एक रुपयाही परत मिळत नाही. माझ्या मते सर्व भाड्यांत हे सर्वाधिक अन्याय्य भाडे आहे.

सुपरफास्ट अधिभाराचेही तसेच. वेळापत्रकात सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असला की गाडी सुपरफास्ट ठरते आणि स्लीपरला ३० रुपये जादा पडतात. प्रत्यक्षात गाडी कुठल्याशा सिग्नलला तासभर उभी राहिली तरी ते परत होत नाहीत. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल तर प्रवास रद्द करून पूर्ण पैसे मिळतात खरे, पण पहाटे तीनला बडनेऱ्याच्या फलाटावर लेकराबाळांसह उभ्या असलेल्या कुटुंबाला त्या पैशांत दुसरी कोणती गाडी मिळणार? आणि एकदा गाडीत चढल्यावर उशिराबद्दल काहीच मिळत नाही. उशिराचे समाधानकारक कारण देता आले नाही तर रेल्वेने भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रवाशाच्या प्रकरणात म्हटले. तो निकाल तीस हजार रुपयांच्या भरपाईचा होता. पाचशे-सहाशे रुपयांच्या तिकिटासाठी ग्राहक आयोगापासून दिल्लीपर्यंत कोण जाईल, हा प्रश्न उरतोच.

ज्येष्ठांचे दुःख वेगळे आहे. मार्च २०२० पर्यंत साठीपुढील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढील स्त्रियांना ५० टक्के सवलत होती; ती बंद झाली आणि अजून सुरू झालेली नाही. पूर्ण भाडे भरून आलेल्या आजींना आपल्या खालच्या बर्थवरून कोणाला तरी उठण्याची विनंती करावी लागते, हे पाहवत नाही.

रात्री निघून सकाळी पोहोचवणारी गाडी, साठ दिवस आधी काढलेले पक्के तिकीट आणि वरचा बर्थ एवढे जमत असेल, तर स्लीपरचे भाडे मला आजही पूर्णपणे योग्य वाटते आणि मी तेच काढतो. दिवाळीत किंवा लग्नसराईत मात्र पक्के तिकीट असूनही खात्री नसते. आरएसी असेल तर मी जात नाही, आणि दोन रात्रींचा उन्हाळी प्रवास स्लीपरने करण्याचा सल्ला कोणालाही देत नाही. रेल्वेने आधी आरएसीचे अर्धे भाडे परत करण्यास सुरुवात करावी. चार्ट तयार होतो त्याच क्षणी कोणाला अर्धा बर्थ मिळाला हे संगणकाला ठाऊक असते, आणि ऑनलाइन प्रतीक्षा यादीतल्या न लागलेल्या तिकिटाचे पैसे तोच संगणक आपोआप परत पाठवतो.